चाळीस पावलांवरून

४ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार दोन. एक माझा, एक डबीचा. डबीचा जरा घोगरा आहे, कारण माझ्या या छोट्या गाडीचा सायलेन्सर गेला.

काल सकाळी सहा वाजता पहिल्या पेशंटकडे निघाले होते. वळणावर मागून खळ्ळकन आवाज आला. उतरून बघते तर मागचा डबा रस्त्याला टेकलेला! हात लावला तर बिस्किटासारखा तुकडा हातात आला. माझं काम तुला ठाऊकच आहे. घरोघर जाऊन रक्ताची सॅम्पलं घ्यायची. दोन गल्ल्या गाडी चालवायची, थांबायचं, परत दोन गल्ल्या. फिटर म्हणाला, "ताई, इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही गाडी बंद करता. सायलेन्सरमधलं पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून कुजतो." म्हणजे गुन्हेगार मीच.

कंपनीचा सायलेन्सर यायला दोन महिने लागतील, म्हणून बाहेरचा घ्यायचा आहे. फिटरनं तीन प्रकार सांगितलेत. एक, जुन्यासारखाच साध्या लोखंडाचा. तो पुन्हा कुजणार. दुसरा स्टेनलेस स्टीलचा, आत कप्पे असलेला. तिसराही स्टीलचाच, पण आरपार. म्हणजे आत जाळीची सरळ नळी आणि भोवती लोकर. खरं सांगू? मला थोडासा आवाज हवाय. अगदी थोडासा. डबी सुरू झाली की शिलाई मशीन चालू झाल्यासारखं वाटतं. पण पहाटे माणसं झोपलेली असतात आणि आमच्या लॅबच्या मॅडम तक्रार आली की डोळे वटारतात. म्हणून निवड तूच कर.

फोन केला होता. मामीनं उचलला आणि म्हणाली, "गाडीच्या गोष्टी फोनवर होत नाहीत असं म्हणतायत. पत्र लिही." तुझे नखरे वाढलेत हं!

तुझी,
ठिणगी

९ मार्च

ठिणगे,

सायलेन्सरचा प्रश्न आणि तू फिटरला विचारतेस? मी काय इथे माशा मारतोय?

आता नीट वाच. लोक सायलेन्सर कसा निवडतात ठाऊक आहे? गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबतात आणि माना डोलावतात. अरे, गाडीत बसलेल्याला त्या आवाजाचं काय? तो तर निघाला. आवाज असतो तो मागे राहणाऱ्यांसाठी. म्हणून गाडीकडे पाठ करायची, चाळीस पावलं चालायचं, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, हं, वाढव. सायलेन्सरच्या धंद्यात मी चाळीस वर्षं असेच निवडले. माझा एकही डबा परत आलेला नाही.

शनिवारी माझ्या जुन्या शिष्याच्या वर्कशॉपमध्ये तुझ्या डबीची सख्खी बहीणच उभी होती. तिच्या मालकाला विचारून तिन्ही डबे आळीपाळीनं लावायला सांगितले. पहिला मिळमिळीत. दुसरा इतका मवाळ की गाडी चालू आहे की बंद तेच कळेना. आणि तिसरा, अहाहा! खालच्या पट्टीतला, भारदस्त, घरंदाज आवाज. झोपलेला माणूस कूससुद्धा बदलणार नाही. शिष्य तर डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात कानांवर धरून तल्लीन झाला होता. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. इतकी दाद मला आजवर मिळाली नव्हती.

तिसरा पाठवतोय. पाइप दीड इंचीच ठेवायला सांग. जाड लावला तर चढावर दम सोडेल. इंजिनजवळचा धूर गाळायचा डबा आहे, त्याला हात लावू देऊ नकोस. बाकी डोळे मिटून बसव.

मामा

१६ मार्च

मामा!

अरे काय पाठवलंस हे!

बसवला. किल्ली फिरवली. गल्लीत उभ्या असलेल्या तीन गाड्यांचे अलार्म एकदम वाजले. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरीणबाई गॅलरीत आल्या आणि मला म्हणाल्या, "काय कोसळलं?" मी म्हटलं, काही नाही बाई, मी ऑफिसला निघाले. पहिल्या पेशंटचं ब्लडप्रेशर तर मी दारात पोचायच्या आधीच चढलं होतं. मी कोपऱ्यावर वळले तेव्हा त्या आजोबांच्या हातातला कप खाली पडला म्हणे.

तू लिहिलंस घरंदाज! मामा, हा आवाज घर सोडून पळालेला आहे. पत्र्यावर कुणीतरी करवत चालवतंय असं वाटतं.

तीन दिवसांत चार तक्रारी गेल्या. मॅडमनी बोलावून सांगितलं, "पंधरा एप्रिलपर्यंत गाडी गप्प झाली नाही तर तुमचा भाग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल." माझे आजी-आजोबा दुसऱ्या कुणाकडून सुई टोचून घेत नाहीत रे. सहा वर्षं झाली मला.

लहानपणी माझ्या सायकलला ट्रकचा हॉर्न बसवून दिला होतास. ही तसलीच थट्टा नाही ना? असली तर सांग, मी हसून घेते आणि दुसरा बसवते.

ठिणगी

१९ मार्च

ठिणगे,

थट्टा? धंद्यात मी कधी थट्टा केली? हॉर्नची गोष्ट वेगळी. तो तू स्वतः मागितला होतास.

डब्यात खोट नाही. तुझ्या फिटरनं माती खाल्ली असणार. जोडातलं गॅस्केट फाटलं असेल नाहीतर क्लॅम्प ढिला असेल. इंजिन थंड असताना सुरू करून जोडाजवळ हात धर म्हणावं. वाफ लागली की चोर सापडला. तो आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. चाळीस पावलांवरून, पाठ करून. त्यावर मला कुणी शिकवायचं कारण नाही.

मामा

(याच पाकिटात दुसऱ्या अक्षरातली चिठ्ठी)

बाळ, पाकीट मी चिकटवते, म्हणून हे आत घालता आलं.

तुझ्या फिटरला बोल लावू नकोस. तुझ्या मामांना कमी ऐकू येतंय. दोन वर्षं झाली. जाड आवाज कळतो, बारीक कळत नाही. परवा किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि हे तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होते. फोन म्हणूनच घेत नाहीत. दाराची बेल, माझं बोलणं, सगळं हवेत जातं. मी तर आता बोलणंच सोडलंय, नुसती पुटपुटते.

कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. म्हणतात, "जन्मभर कानावर पोट भरलं. त्याच कानात यंत्र दिसलं तर वर्कशॉपमध्ये मला कोण बोलावेल?" शिष्य दर शनिवारी बोलावतो, तेवढाच आठवड्याचा आनंद. शुक्रवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवतात गं.

मला धास्ती रस्त्याची आहे. मागच्या आठवड्यात मागून सायकल घंटी वाजवत आली आणि हे आपले मधोमध चाललेत. थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी सायकलच असेल असं कशावरून? माझं ऐकत नाहीत. तू लाडकी आहेस, तुझं ऐकतील. म्हणजे वाचतील. मी सांगितलं म्हणून खुशाल लिही, मी कुणाला घाबरत नाही.

मामी

२२ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र बसून वाच. चष्मा लाव आणि अर्ध्यावरून उठून जाऊ नकोस.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. गॅस्केट ठीक, क्लॅम्प घट्ट, वाफ कुठेही लागत नाही. मग मी फिटरला म्हटलं, तू आत बस. डबीकडे पाठ केली, चाळीस पावलं मोजली, डोळे मिटले आणि म्हटलं, हं, वाढव. मामा, तुझा तो भारदस्त आवाज खरंच आहे. खाली, जमिनीलगत. त्यात तू जराही चुकला नाहीस. पण त्याच्यावर एक खरखर आहे, बारीक, दात शिवशिवतील अशी. ती तुझ्यापर्यंत पोचलीच नाही. तू अर्धा सायलेन्सर ऐकलास.

मामीनं सांगितलं मला. तिच्यावर चिडू नकोस. तिनं सांगितलं नसतं तरी मला कळायला हवं होतं, मी एवढी रोज आजारी माणसांत वावरते. काठी पलंगाखाली लपवणारे आजोबा, चष्मा उशीखाली ठेवून "मला सगळं दिसतं" म्हणणाऱ्या आजी, रोज भेटतात. त्यांना मी हसत-खेळत पटवते. तुला तसं पटवता येत नाही मला. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय.

मी सात वर्षांची असताना तू मला वर्कशॉपच्या अंगणात पाठ करून उभं केलं होतंस. मागून एक गाडी सुरू केलीस आणि विचारलंस, "कशी आहे?" मी म्हटलं, "तिच्या पोटात दुखतंय." तू मला खांद्यावर घेऊन सगळ्या कामगारांना दाखवलंस की बघा, हिला कान आहेत. त्या दिवसापासून मी ठिणगी. तुझ्या कानांना काही झालं तर ते माझंही होतं ना रे?

म्हणून माझं ठरलंय. तू कान तपासून घेत नाहीस, हा आवाज पूर्ण ऐकत नाहीस, तोवर मी हा सायलेन्सर उतरवणार नाही. मॅडमची मुदत पंधरा तारखेची आहे. काम गेलं तर गेलं.

ठिणगी

२५ मार्च

पत्र मिळालं. असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. सायलेन्सर उतरव.

तुझ्या मामीशी माझं बोलणं बंद आहे. ती माझ्याशी बोलतेय की नाही ते मला माहीत नाही.

मामा

१ एप्रिल

मामा,

नाही उतरवत.

काल मॅडमनी नवा नियम काढला. डबी आता पेशंटच्या घराजवळ न्यायची नाही. मी ती मैदानाच्या पलीकडे उभी करते आणि सॅम्पलची पेटी खांद्याला लावून चालते. दोन फेऱ्या मिळून रोज चार मैल होतात. पेटीत बर्फ असतो, त्यामुळे ती काही फुलासारखी हलकी नसते. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय. हेडमास्तरीणबाई म्हणतात, तुझी चाल सुधारली.

तू हट्टी आहेस, पण मी कुणाची भाची आहे?

ठिणगी

१२ एप्रिल

ठिणगे, माझी बाय,

चाळीस वर्षांत माझा डबा परत आला नव्हता. तुझाही येईना, म्हणून मलाच जावं लागलं.

तुझ्या खांद्यावर वळ उठला हे वाचलं आणि पत्र उशाखाली ठेवलं. दोन दिवस तेच पुन्हा पुन्हा काढून वाचलं. माझ्या डब्यापायी पोर ओझी वाहतेय आणि मी इथे ऐट मिरवतोय! तिसऱ्या दिवशी सकाळी मामीला म्हटलं, चप्पल घाल. कुठे म्हणून तिनं विचारलंसुद्धा नाही. की विचारलं होतं, देव जाणे.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे डबे चढवले आणि म्हणाल्या, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा. मी आपला बसलोय, बसलोय. शेवटी म्हटलं, "बाई, तुमचं मशीन बिघडलंय. पान्हा असेल तर द्या, मी बघतो." त्या हसल्या नाहीत. कागद दाखवला. खालच्या सुरांची रेघ ठीक चाललेली आणि वर गेली की धाडकन दरीत. त्या म्हणाल्या, "ग्राइंडर आणि हातोडीपाशी जन्म काढलात ना? हे त्यानंच झालं." मी कागदाची घडी करून खिशात घातली. माझ्याच कामानं माझे कान नेले, आणि मी दोन वर्षं तेच जगापासून लपवत होतो.

चार दिवसांनी यंत्र मिळालं. शेंगदाण्याएवढं आहे. लावून घरी आलो. पहिल्या तासात कळलेल्या गोष्टी अशा: आपलं घड्याळ टिकटिक करतं. माझ्या डाव्या चपलेला आवाज आहे. आणि तुझी मामी दिवसभर पुटपुटते ते माझ्याबद्दल असतं. सगळं! मी सोफ्यावर बसलोय, ती पाठमोरी भांडी पुसतेय आणि म्हणते, "बसलाय बघा भोपळा." मी म्हटलं, "भोपळा कुणाला म्हणतेस?" तिच्या हातातलं पातेलं सुटलं. तोही आवाज ऐकला. मग ती रडली, मग आम्ही दोघं हसलो. आमचं बोलणं सुरू झालंय.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून वर्कशॉपमध्ये गेलो. दारात पाय अडखळले, खोटं कशाला सांगू? शिष्यानं कानाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. मी म्हटलं, माझ्या भाचीला पाठवला तसलाच डबा लाव. पाठ केली, चाळीस पावलं गेलो, डोळे मिटले. हं, वाढव.

ठिणगे, खिळ्यांनी भरलेला डबा कुणीतरी जिन्यावरून लाथाडत नेतंय! मी तिथूनच ओरडलो, "अरे बंद कर! हा कुठल्या गाढवानं निवडला?" शिष्य नुसता माझ्याकडे बघत उभा. मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

त्याला दीड वर्षापासून ठाऊक होतं म्हणे. मी निवडलेले डबे तो सोमवारी गुपचूप बदलायचा. तुझा पार्सलनं गेला म्हणून हातातून सुटला. मी विचारलं, "मग दर शनिवारी बोलावतोस कशाला?" तो म्हणाला, "तुम्ही नाही आलात तर शनिवार कसला?"

पुन्हा तिन्ही डबे ऐकले. तुझा दुसरा, कप्प्यांचा. तोच बरोबर आहे, मवाळ पण मिळमिळीत नाही. तुला थोडासा आवाज हवा होता ना? डबा कापून मधल्या पडद्याला मी माझ्या हातानं तीन भोकं पाडली आणि परत वेल्डिंग केलं. चार पाडली असती तर हेडमास्तरीणबाई बाहेर आल्या असत्या. पोटात पाणी साठू नये म्हणून तळाला एक बारीक छिद्रही ठेवलंय. आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालव, म्हणजे कुजणार नाही. आमचं घर बरोबर एवढ्याच अंतरावर नाही हे मला माहीत आहे, पण दोन तास चालवलीस तर आणखी बरं.

पार्सल आजच निघालं. तो जुना ताबडतोब उतरव. नोकरी घालवलीस तर गाठ माझ्याशी आहे.

मामा

२१ एप्रिल

प्रिय मामा,

सुखरूप पोचले.

मॅडम पंधरा तारखेला स्वतः खाली आल्या, डबीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "चालू आहे?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "छान गुणगुणतेय." माझा भाग माझ्याकडेच राहिला. आजोबांनी नवा कप काढलाय. हेडमास्तरीणबाई मात्र खट्टू आहेत, म्हणतात तुझ्या गाडीमुळे मी वेळेवर उठायचे.

काल तुमच्याकडे किती मजा आली! मामी पुटपुटायला स्वयंपाकघरात जायची आणि तू बाहेरून उत्तर द्यायचास. पण एक गोष्ट टोचतेय. निघताना मी खिडकीतून हात हलवत होते, मामी फाटकापर्यंत आली, आणि तू अंगणात चक्क पाठ फिरवून उभा राहिलास. एकदा वळूनही बघितलं नाहीस. धमकीचा राग अजून गेला नाही का रे?

ठिणगी

२४ एप्रिल

वेडे,

राग कसला? गाडी निघताना हात हलवणारे पुष्कळ असतात. मी ऐकत होतो.

डोळे मिटले होते. तू फाटकातून निघालीस, पहिला गिअर, दुसरा. चाळीस पावलं झाली, तरी ऐकू येत होतीस. दुकानापाशी कुणाला तरी वाट द्यायला थांबलीस. मोठ्या रस्त्याला लागलीस तेव्हा तिसरा गिअर जरा लवकर टाकलास, ती खोड मोड. मग पुलाच्या चढावर आवाज भरून आला, छान, गोल. आणि पलीकडे उतरलीस.

मामी म्हणाली, "चला आत, गेली ती." मी म्हटलं, "थांब गं, अजून आहे."

मामा